फाशी कायम झाली, तरी फाशी झाली नाही: गावित बहिणींच्या केसमध्ये नेमकं घडलं काय

कोल्हापूरच्या बालहत्याकांडाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. एवढी लहान लहान मुलं मारली, सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली, राष्ट्रपतींनीही दया नाकारली, मग त्या दोघी अजून जिवंत कशा? परवा माझ्या मावशीनंही हेच विचारलं आणि विचारताना तिचा आवाज चढला होता. ९६-९७ साली ज्यांच्या घरात लहान मुलं होती त्यांना हे प्रकरण विसरता येत नाही. आम्हाला तेव्हा जत्रेत आई बोटाला धरायची नाही, मनगटाला धरायची, लाल वळ उठेपर्यंत.

मावशीला समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की बहुतेकांना यातला अर्धाच भाग माहीत आहे. "मानवाधिकारवाल्यांनी वाचवलं", "वकिलांनी पळवाट काढली" असं काहीबाही बोललं जातं आणि खरं कारण त्याहून साधं आणि जास्त संतापजनक आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

गुन्हा काय होता

अंजनाबाई गावित ही आई आणि रेणुका शिंदे व सीमा गावित या तिच्या दोन मुली. तिघींचा धंदा पाकीटमारीचा, गळ्यातल्या साखळ्या ओढायचा. जत्रा, देवळं, सणासुदीची गर्दी, एसटी स्टँड, जिथे माणसं खेटून उभी असतात तिथे त्या जायच्या. रेणुकाचा नवरा किरण शिंदे हाही त्यांच्यात होता.

आता यात मुलं कुठून आली? कडेवर मूल असलेल्या बाईवर कुणी चोर म्हणून पटकन संशय घेत नाही. आणि चोरी करताना सापडलीच तर "लेकुरवाळी आहे, जाऊ द्या" असं म्हणणारे चार जण गर्दीत असतातच. आपल्या समाजातली ही जी चांगली सवय आहे ना, तिचाच त्यांनी हत्यारासारखा वापर केला. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी मुलं पळवली, ती चोरीसाठी सोबत वापरली आणि मूल मोठं व्हायला लागलं, रडायला लागलं किंवा ओझं वाटायला लागलं की मारून टाकलं.

सुरुवातीच्या मुलांमधला एक मुलगा कोल्हापुरातल्या भीक मागणाऱ्या एका बाईचा होता. अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात सीमा चोरी करताना पकडली गेली, लोक जमले, आणि तिला सोडवायला अंजनाबाईनं कडेवरचं ते मूल जमिनीवर आपटलं. मुलाच्या डोक्यातून रक्त यायला लागलं, लोकांचं सगळं लक्ष मुलाकडे गेलं आणि त्या गडबडीत तिघी निसटल्या. नंतर जखमेमुळे ते पोर रडायचं थांबेना म्हणून त्याला ठार मारलं. लोकांनी चोर सोडून मुलाकडे धाव घेतली ती माणुसकीनं, आणि त्या माणुसकीचा हिशोब या बाईनं आधीच करून ठेवला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटवायला मला वेळ लागला.

सहा वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही

पळवलेली बरीचशी मुलं गरिबांची होती, काही तर रस्त्यावर आणि स्टँडवर राहणाऱ्यांची. कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे, कल्याण, मुंबई असा पसारा होता. एका जिल्ह्यात मूल हरवायचं आणि मृतदेह सापडला तर दुसऱ्याच जिल्ह्यात. तेव्हा पोलीस ठाण्यांमध्ये कॉम्प्युटर नव्हते. इथली हरवल्याची नोंद आणि तिथली बेवारस मृतदेहाची नोंद, हे दोन कागद एकमेकांना भेटणार कुठे? आणि फुटपाथवर राहणाऱ्या आईची तक्रार किती तत्परतेनं लिहून घेतली जाते हे आपल्याला माहीत आहे.

धागा शेवटी सापडला तो त्यांच्या घरातल्याच वैरातून. अंजनाबाईला तिच्या नवऱ्यानं सोडून दुसरं लग्न केलं होतं. सूड म्हणून या मायलेकींनी त्याच्या दुसऱ्या बायकोची नऊ वर्षांची मुलगी पळवून मारली आणि मग तिच्याच धाकट्या बहिणीवर डोळा ठेवला. पण या मुलीच्या आईला कुणावर संशय घ्यायचा हे पक्कं माहीत होतं. तिच्या तक्रारीवरून १९९६ मध्ये नाशिककडे त्या पकडल्या गेल्या. मग घराची झडती झाली आणि तिथे लहान मुलांचे कितीतरी कपडे मिळाले, जे त्या घरातल्या मुलांचे नव्हते. तिथून एकेक गाठ सुटत गेली आणि तपास सीआयडीकडे गेला.

अंजनाबाई खटला चालायच्या आधीच १९९७ मध्ये कोठडीत मेली. म्हणजे सगळ्याची सूत्रधार जी होती तिला शिक्षा झालीच नाही.

माफीचा साक्षीदार: घरातलाच भेदी

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, कारण मारून मुटकून काहीही कबूल करून घेता येतं. मग मूल कुठून उचललं, कुठे मारलं हे सांगणार कोण? इथे किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला माणूस कोर्टाला सगळं खरं सांगतो आणि त्याबदल्यात त्याला माफी मिळते.

लोकांना याची चीड येते, मलाही येते. पण कोर्ट अशा माणसाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. चाळीत पोरांनी काच फोडली आणि त्यातलाच एक जण येऊन म्हणाला की "बंड्यानं फोडली, बॉल त्याच्या कॉटखाली आहे", तर आपण आधी कॉटखाली वाकून बघतो. बॉल असेल तर त्याचं बोलणं खरं धरतो. कोर्टही तेच करतं. किरणनं सांगितलेल्या जागा, तारखा, सापडलेले मृतदेह, मुलांच्या आईवडिलांची ओळख, लॉजमधल्या किंवा स्टँडवरच्या साक्षीदारांची जबानी असं सगळं जुळतंय का ते तपासलं गेलं. दीडशेच्या वर साक्षीदार झाले आणि सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातही सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला होता आणि ती केसही त्याच्या जोरावर उभी राहिली. टोळी गुपचूप मारते तेव्हा टोळीतला एक फुटल्याशिवाय बऱ्याचदा बाहेरच्याला काही कळतच नाही.

मग मुलं किती मारली? कुणी ५ म्हणतं, कुणी ९, कुणी ४०

४० हा आकडा बोलण्यातला आहे, तो कोर्टात सिद्ध झालेला नाही. केस होती १३ मुलांच्या अपहरणाची आणि त्यातल्या ९ मुलांच्या खुनाची. पण खून सिद्ध करायचा तर मूल कोणाचं होतं, मेलं कसं आणि मारलं कोणी, हे तिन्ही पक्कं लागतं. काही मुलांचे मृतदेहच मिळाले नाहीत, काही मिळाले त्यांची ओळख पटवायला कुणी नव्हतं. त्यामुळे वरच्या कोर्टांपर्यंत पूर्णपणे टिकले ते ५ खून. उरलेली मुलं मारली गेलीच नाहीत असा याचा अर्थ नाही. त्यांच्यासाठी कागदावर पुरेसं काही उरलं नव्हतं, एवढाच अर्थ आहे.

फाशीची शिक्षा एका कोर्टात पूर्ण होत नाही

२८ जून २००१ ला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघींना फाशी सुनावली. पण सत्र न्यायालयानं दिलेली फाशी हायकोर्टानं तपासून कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही, आरोपीनं अपील केलं नाही तरीही. मुंबई हायकोर्टानं २००४ मध्ये ती कायम केली. मग सुप्रीम कोर्ट. फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यात द्यायची, हे तत्त्व १९८० मध्ये बच्चन सिंग केसमध्ये ठरलेलं आहे. त्या कसोटीवर ३१ ऑगस्ट २००६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे खून थंड डोक्यानं, पद्धतशीर, पुन्हा पुन्हा केलेले आहेत, या दोघींपासून समाजाला धोका आहे, आणि त्या बायका आहेत याशिवाय त्यांच्या बाजूनं काही नाही.

इथपर्यंत कोर्टांची काही तक्रार करायला जागा नाही. पकडल्यापासून दहा वर्षांत तिन्ही पायऱ्या झाल्या, आपल्याकडच्या मानानं हे बरंच म्हणायचं.

इथून फाईल सरकारकडे जाते

कोर्ट संपल्यावर दोषीला एक शेवटचा दरवाजा असतो, दयेचा अर्ज. संविधानाच्या कलम १६१ खाली राज्यपाल आणि कलम ७२ खाली राष्ट्रपती शिक्षा कमी करू शकतात. दोघंही हे स्वतःच्या मर्जीनं ठरवत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं ठरवतात. म्हणजे प्रत्यक्षात तुरुंगातून कागद निघतो तो गृह विभागात जातो, तिथे टिपणी तयार होते, मंत्रालयात वर चढत चढत राज्यपालांकडे पोचते, तिथे नाही म्हटलं की दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयात आणि मग राष्ट्रपतींकडे.

ज्यानं वारसनोंदीसाठी तलाठी ते तहसीलदार अशा चकरा मारल्या असतील त्याला हा प्रवास वेगळा समजावायची गरज नाही. "साहेब रजेवर आहेत", "एक कागद कमी आहे", "वर पाठवलंय". फरक एवढाच की इथे फाईलच्या आत दोन माणसांचं मरण होतं आणि मेलेल्या मुलांचा न्याय होता.

राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी अर्ज फेटाळला तो जुलै २०१४ मध्ये. सुप्रीम कोर्टाचा निकाल २००६ चा. हायकोर्टानं पुढे मोजला तो उशीर होता ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस. राष्ट्रपतींच्या पातळीवर त्यामानानं कमी वेळ गेला. मुख्य दिरंगाई आपल्या राज्य सरकारची होती. अर्ज मंजूर करायचा की फेटाळायचा, एवढंच ठरवायचं होतं. कुठला नवा तपास नाही, कुठला नवा साक्षीदार नाही.

पण उशीर झाला म्हणून फाशी का रद्द व्हावी?

मावशी इथेच अडली होती, आणि अडणं बरोबरच आहे. कायद्याचं म्हणणं असं की कोर्टानं दिलेली शिक्षा आहे फाशी. फाशी अधिक आठ वर्षं रोज पहाटे कोठडीबाहेर पावलं वाजली की आज आपली पाळी आहे का या भीतीत काढणं, अशी शिक्षा कुठल्याच कोर्टानं दिलेली नाही. ती जास्तीची शिक्षा सरकारनं स्वतःच्या ढिलाईनं दिली. आणि कायद्यानं सांगितलेल्या मार्गाशिवाय कुणाचा जीव घ्यायचा नाही, हे संविधानाचं कलम २१ सांगतं, ते गुन्हेगारालाही लागू आहे.

हा नियम गावित बहिणींसाठी बनवलेला नाही. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये दोन वर्षांची मर्यादा सांगितली होती, ती पुढे टिकली नाही. १९८९ च्या त्रिवेणीबेन केसमध्ये ठरलं की ठरावीक आकडा नको पण अवाजवी उशीर झाला असेल तर बघता येईल. आणि २१ जानेवारी २०१४ ला शत्रुघ्न चौहान केसमध्ये सुप्रीम कोर्टानं एकदम १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, बहुतेकांची याच कारणानं. त्याच निकालात अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीआधी किमान १४ दिवस द्यायचे असंही ठरलं.

हा निकाल जानेवारी २०१४ चा आणि गावित बहिणींचा अर्ज फेटाळला गेला त्याच वर्षी जुलैत. ऑगस्टमध्ये त्या हायकोर्टात गेल्या. त्यांच्या हातात तयार निकाल होता आणि सरकारच्या हातात उशिराचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

"त्या मुलांवर कुणी दया केली होती का?"

नाही केली. आणि १८ जानेवारी २०२२ ला फाशी जन्मठेपेत बदलताना हायकोर्टानंही गुन्हा सौम्य होता असं कुठेही म्हटलं नाही. उलट हे कृत्य किती अघोरी होतं ते लिहिलं आणि सरकारनं या दोघींचे हक्क तर मोडलेच पण त्या निष्पाप मुलांनाही न्याय देण्यात कसूर केली, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. मला या निकालातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बातम्यांमध्ये तोच सगळ्यात कमी आला. हेडलाईन आली "फाशी रद्द" अशी. फाशी कुणामुळे रद्द झाली, कोणत्या टेबलावर फाईल पडून होती, त्यासाठी कुणाला जाब विचारला, हे विचारलं गेलंच नाही.

"उशीर त्यांनीच अपिलं करून केला असेल"

तो वेळ यात धरतच नाहीत. अपील, फेरविचार यात गेलेली वर्षं बाजूला ठेवतात. दोषीनं मुद्दाम अडवून ठेवलं असेल तर त्याचाही फायदा त्याला मिळत नाही. फक्त सरकारकडे विनाकारण गेलेला वेळ मोजतात.

हो, एक गोष्ट मात्र आहे. हायकोर्टातला अर्ज २०१४ चा आणि निकाल २०२२ चा. उशिराबद्दलच्या केसलाच साडेसात वर्षं लागली. याचं समर्थन मी तरी करू शकत नाही.

"म्हणजे १४ वर्षं झाली की सुटणार"

हा गैरसमज इतका पक्का बसलाय की वकिलांच्या घरातसुद्धा ऐकला आहे. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारला शिक्षेत सूट देऊन कैद्याला लवकर सोडता येतं, पण खुनासारख्या गुन्ह्यात तशी सूट देण्याआधी किमान १४ वर्षं आत काढलेली हवीत. म्हणजे १४ वर्षांनी फक्त विचार होऊ शकतो, दार आपोआप उघडत नाही.

या दोघींच्या बाबतीत भीती अशी होती की १९९६ पासून त्या आत आहेत, म्हणजे फाशीची जन्मठेप झाली त्याच दिवशी २५ वर्षं पुरी झालेली होती, उद्या सूट मागितली तर? म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये कोर्टानं हायकोर्टाचा निकाल कायम ठेवून एक बदल केला: नैसर्गिक मरण येईपर्यंत तुरुंग, कोणतीही सूट नाही. सूट न देता जन्मठेप हा प्रकार सुप्रीम कोर्टानं २००८ च्या स्वामी श्रद्धानंद केसपासून मान्य केलेला आहे, फाशी आणि साधी जन्मठेप यांच्यामधली पायरी म्हणून.

तेव्हा "सुटल्या" हा शब्द चुकीचा आहे. त्या सुटलेल्या नाहीत.

"मग काय, सगळ्याच फाशा अशा रद्द होणार?"

नाही. जोशी-अभ्यंकर हत्याकांडात १० खून झाले, १९७६-७७ मध्ये. १९७८ ला सत्र न्यायालयाची शिक्षा आणि १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी, अपिलं आणि दयेचे अर्ज सगळं धरून. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला दोषी याकूब मेमन, त्याचा पहिला अर्ज राष्ट्रपतींनी वर्षाच्या आत निकाली काढला आणि ३० जुलै २०१५ ला नागपूरला फाशी झाली. म्हणजे ठरवलं तर वेळेत होतं.

आणि ठरवलं नाही तर काय होतं त्याचं दुसरं उदाहरणही पुण्याचंच आहे. २००७ मध्ये बीपीओमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीवर कंपनीच्याच गाडीत, घरून आणायला आलेल्या ड्रायव्हरनं साथीदाराबरोबर अत्याचार करून तिचा खून केला. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दया नाकारली आणि फाशीचं वॉरंट निघालं २०१९ मध्ये! मधली दोन वर्षं फक्त कागद इकडून तिकडे. हायकोर्टानं फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं. गावित केसमध्ये फाईल दया नाकारायच्या आधी अडली, इथे नाकारल्यानंतर अडली. दोन्ही वेळा महाराष्ट्रच.

आता काही बदललंय का

थोडं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४७२ मध्ये पहिल्यांदाच मुदती लिहिल्या आहेत. दोषीनं ३० दिवसांत दयेचा अर्ज करायचा, राज्यपालांनी नाकारला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे जायचं, केंद्रानं राज्याचं म्हणणं मागवून ६० दिवसांत राष्ट्रपतींना शिफारस पाठवायची आणि राष्ट्रपतींचा निर्णय ४८ तासांत राज्याला आणि तुरुंगाला कळवायचा. शिवाय २०२४ च्या त्या पुणे केसच्या निकालात सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष नेमा, जेणेकरून फाईल कुणाच्या टेबलावर आहे हे तरी कळेल.

पण नीट बघितलं तर मुदत आहे ती दोषीला आणि केंद्र सरकारला. राज्याच्या गृह विभागानं अर्ज राज्यपालांपुढे किती दिवसांत ठेवायचा आणि त्यावर निर्णय किती दिवसांत व्हायचा, याचा आकडा त्या कलमात नाही. गावित बहिणींची फाईल अडकली होती ती बरोबर त्याच टप्प्यावर.